दुपारची धार

उझबेकिस्तानातल्या चुस्त गावच्या बाजारात गाजरवाल्या बायकांची रांग खाटकांच्या दुकानांपलीकडे, तुतीच्या झाडांखाली बसते. प्रत्येकीसमोर एक पाट, हातात सुरी, एका बाजूला पिवळी गाजरं, दुसऱ्या बाजूला लाल, आणि पुढ्यात चिरलेल्या काड्यांचा वाढत जाणारा ढीग. घरी पाहुणे यायचे असले की पलावाच्या, म्हणजे तिकडच्या पुलावाच्या, गाजरांनाच निम्मा दिवस जातो, म्हणून लोक इथून चिरलेलीच घेऊन जातात. सबोहत या रांगेत पहिल्यांदा बसली तेव्हा तिचा अझीम अजून रांगतही नव्हता. नवरा ट्रक चालवायचा. एका हिवाळ्यात कामचिकच्या घाटात बर्फाचा कडा सुटला आणि ट्रकसकट तो गेला. सबोहत मुलाला घेऊन बापाच्या घरी परत आली, दुखवट्याचे चाळीस दिवस झाल्यावर उठली आणि पाट घेऊन बाजारात जाऊन बसली. कुणी तिला जा म्हटलं नाही, कुणी नको म्हटलं नाही.

बाप म्हणजे उस्ताद मामासोली. सुऱ्या घडवणाऱ्यांच्या गल्लीत त्यांची भट्टी सगळ्यांत जुनी. घणाला मुलीचा हात लागत नसे, पण मुठी घासणं, पितळेच्या पट्ट्या चढवणं, पात्याला तेल पुसणं हे सगळं सबोहत लहानपणापासून करत आली होती. ती गाजरं चिरायला बसली तसं उस्तादांना एक सोयीची गोष्ट सुचली. भट्टीतून नवीन पातं निघालं की विकायच्या आधी ते लेकीच्या हातात द्यायचं.

पण द्यायची त्यांची तऱ्हा होती. सकाळी ते दोन सुऱ्या आणत, एक आपली, एक गल्लीतल्या दुसऱ्या कुणाची. दोन्हींच्या मुठींना चिंधी गुंडाळलेली, पात्यावरचा चंद्र-ताऱ्याचा ठसा काजळीनं झाकलेला. दोन्हींना धार त्यांनी स्वतः, एकाच दगडावर लावलेली. एकाच ढिगातली गाजरं, तोच पाट. थोडा वेळ ही, थोडा वेळ ती.

"कुणाची कुठली ते तरी सांगा, दादा," सबोहत पहिल्यांदा म्हणाली होती. बापाला ती दादा म्हणे.

"सांगितलं की झालं. डोळ्याला कळलं की मनगट खोटं बोलायला लागतं."

"माझं मनगट कशाला खोटं बोलेल?"

"तू बापावर माया करतेस म्हणून. चीर गुपचूप."

ती चिरत राही. सकाळी दोन्ही सुऱ्या सारख्याच पळत. उन्हं डोक्यावर आली की फरक कळायला लागे. एक सुरी गाजरात उतरताना किंचित अडखळे, काडी सरळ निघायच्या ऐवजी तुटून पडे, आणि अंगठ्याच्या मुळाशी एक बारीक दुखणं जागं व्हायचं. दुसरी तशीच चालत राही. संध्याकाळी उस्ताद यायचे, काही न विचारता समोर बसायचे आणि तिच्याच पियाल्यातला चहा प्यायचे. मग ती सांगे, "डावीकडची दुपारी दमली." ते मान डोलवत, चिंधी सोडत. कितीदा तरी दमलेली सुरी त्यांची स्वतःचीच निघे.

"सकाळची सुरी सगळ्यांचीच चांगली असते," ते म्हणत. "साण फिरवता येणारं कुठलंही पोर ती करील. दुपारची सुरी उस्तादाची."

एकदा ताश्कंदहून आलेल्या एका गिऱ्हाइकानं त्यांना विचारलं होतं, ही खिळा कापते का? "कापते की," उस्ताद म्हणाले. "तुमच्याकडे खिळ्यांचा पलाव करतात का?" गल्ली दोन दिवस हसत होती.

पाहता पाहता इतर कारागीरही आपली पाती सबोहतकडे पाठवायला लागले. गल्लीत एक म्हण पडली. एखादा व्यापारी माल चाळत असला की दुकानदार सांगे, "सबोहतनं पाहिली आहे." मग त्यावर फार घासाघीस होत नसे. सबोहतला हे आवडत नव्हतं असं नाही. नवरा गेलेल्या बाईला गाव एक तर कीव देतं नाही तर गप्पा. तिला मान मिळत होता.

उस्ताद मामासोलींच्या हाताखाली शेवटचा तयार झाला तो एर्गश. रुंद खांद्यांचा, तोंडाचा फटकळ, आणि कामाला असा की उस्ताद त्याला रागावताना अर्ध्यावर थांबत. तापलेल्या पोलादाला पाणी देताना तो पात्याच्या रंगाकडे जसा बघायचा, तसं बघणं शिकवून येत नाही. उस्ताद वारले तेव्हा खांदा द्यायला तो पुढे होता. वर्षभरानं त्यानं आपली वेगळी भट्टी लावली. सबोहतला त्यात वावगं काही वाटलं नाही. शिष्य कधीतरी उठून जातोच.

वावगं वाटलं ते पुढे. एर्गशनं नवीन पोलाद शोधून काढलं. रेल्वेच्या भंगारातल्या मोठ्या बेअरिंगांचं. गल्लीत सगळे मोटारीच्या स्प्रिंगच्या पाट्यांचं पोलाद वापरत, ते जरा नरम, पण समजुतीचं. बेअरिंगचं पोलाद कडक. ते ठोकायला जड, चुकलं तर तडकायचं. एर्गशला ते जमलं. पातळ, काळसर पाती निघायला लागली. इथवर ठीक होतं. पण एर्गशच्या घरात तीन मुली होत्या, आई आजारी होती, आणि गल्लीच्या टोकाच्या त्याच्या दुकानाकडे गिऱ्हाईक वळत नव्हतं. तो बाजाराच्या दारात टेबल मांडून उभा राहिला.

सबोहतच्या पाटापासून ते टेबल दिसायचं. एर्गश आधी वर्तमानपत्राचा कागद हवेत धरून त्याच्या फिती पाडी. मग बाही वर करून हातावरचे केस भादरी. त्याचा डावा हात कोपरापर्यंत बाळासारखा गुळगुळीत झाला होता. मग फळीवर खिळा ठेवून पात्याच्या पाठीवर हातोडी मारी, खिळ्याचे दोन तुकडे करी आणि त्याच सुरीनं पुन्हा कागद कापे. लोक हा-हा करत. मध्येच तो टेबलाखाली वाकून काहीतरी शोधल्यासारखं करी. तिथे चामड्याचा पट्टा ठोकलेला होता हे सबोहतला वाकण्यावरूनच कळलं. चामड्यावर दोन-चारदा घासली की कुठलीही सुरी पुन्हा कागद कापते.

"वर्षभर धार लावायला नको!" एर्गश ओरडे. "वर्षभर! नातवाला द्या, तोही तसाच वापरील!"

शेजारची तोजिखोन गाजर सोलता सोलता म्हणायची, "नातवाला द्यायला आधी लेकाचं लग्न व्हावं लागतं. आमच्या घरात सुरी आहे, सून नाही."

सबोहत हसायची नाही. आणि एका गुरुवारी, बाजार तुडुंब भरलेला असताना, एका म्हाताऱ्यानं एर्गशला म्हटलं, "आम्ही आपली उस्ताद मामासोलींची सुरी वापरतो बाबा."

एर्गश रंगात होता. तो म्हणाला, "उस्ताद माझे गुरू. अल्ला त्यांना जन्नतीत जागा देवो. पण खरं सांगायचं तर त्यांची पाती तिसऱ्या दिवशी लोण्यासारखी व्हायची."

लोक हसले. सबोहतच्या हातातली सुरी थांबली. तोजिखोननं तिच्याकडे पाहिलं आणि चटकन नजर खाली घातली.

त्याच आठवड्यात कोकंदचा एक व्यापारी गल्लीत आला. त्याला सुऱ्या भरपूर हव्या होत्या, दर महिन्याला हव्या होत्या, आणि एर्गशचं टेबल त्यानं पाहिलं होतं. पण माणूस जुना होता. तो एर्गशची एक सुरी घेऊन सरळ सबोहतकडे आला. "आपा, तुम्ही चार दिवस चालवा. तुम्ही हो म्हणालात की मी घेतो."

सबोहतनं सुरी घेतली. मुठीला चिंधी नव्हती. पात्यावर एर्गशचा ठसा लख्ख दिसत होता. तुलनेला दुसरी सुरी तिनं घेतली नाही. बापाची सुरी कशी चालते हे तिला झोपेतही ठाऊक होतं, असं तिला वाटलं.

वसंताची सुरुवात होती. गाजरं खड्ड्यात साठवलेली, वाळू-मातीत पुरलेली निघत. एरवी ती कालव्यात खळखळून धुऊन येत, पण त्या दिवसांत गाळ काढायला कालवा बंद होता. शेतकरी गोणपाटानं पुसूनच माल आणत होते. सबोहतनं हे पाहिलं होतं. रोज पाहत होती. पण त्याचा विचार तिनं केला नाही. ती सुरीचा विचार करत होती, आणि सुरीपेक्षा जास्त त्या एका वाक्याचा.

पहिल्या दिवशी दुपारच्या आतच सुरी अडखळली. दुसऱ्या दिवशी तिनं नखावर धार फिरवून पाहिली तर बारीक खांडं लागली. तिनं दगडावर लावून घेतली, पुन्हा तेच. चौथ्या दिवसाची वाट तिनं पाहिलीच नाही.

व्यापारी आला तेव्हा तिच्यासमोर गिऱ्हाइकं उभी होती. "पाहिली," ती म्हणाली. "तोंडाची सुरी आहे. हातात काही नाही. वर्ष कसलं, अर्धा दिवस."

कुणीतरी फिसकन हसलं. व्यापाऱ्यानं छातीवर हात ठेवून मान लववली आणि गेला. संध्याकाळपर्यंत ते वाक्य गल्लीभर झालं, आणि शुक्रवारच्या नमाजानंतर गावभर. एर्गशच्या टेबलासमोर उभं राहून लोक खिदळत, "काय रे, सकाळ आहे तोवर विकून टाक!" त्यानं काही दिवस तोंड दिलं. एकदा तो सबोहतच्या पाटासमोर येऊन उभा राहिला. तिला वाटलं, आता शिव्या देईल. तो एवढंच म्हणाला, "आपा, चिंधी बांधली होतीत?"

"बांधायची गरज नव्हती," ती म्हणाली.

तो गेला. उन्हाळ्यात भट्टी थंड झाली आणि गल्लीतले बाकीचे तरुण जसे जात होते तसा एर्गशही रशियात बांधकामावर गेला.

ती सुरी परत न्यायला कुणी आलं नव्हतं. सबोहतनं ती घरी चुलीपाशी टाकून दिली.

वर्षं गेली. अझीम शाळेत शिकवायला लागला, त्याचं लग्न झालं, घरात इक्बोल आली. कमी बोलणारी, कामाला उरक असलेली मुलगी. स्वयंपाकघरातल्या सगळ्या सुऱ्यांतून तिनं ती काळसर पातळ सुरी उचलली आणि तिच्यावरच कांदे, मुळे, नूडल्सचं पीठ, सगळं चालवलं. सबोहतनं एकदा म्हटलं, "ती नको घेऊस, ती कामाची नाही. दादांची घे." इक्बोल "बरं आई" म्हणाली, आणि सासूची पाठ वळली की पुन्हा तीच घेतली.

मग एका वसंतात कालवा पुन्हा बंद राहिला. या वेळी बांध फुटला होता. गाजरं पुसून आली. सबोहतनं सकाळी बापाची सुरी नेहमीसारखी दगडावर लावली आणि बसली. उन्हं अजून तुतीच्या फांद्यांतच होती तेव्हा रांगेत कुरकुर सुरू झाली.

"अगं माझी सुरी आज गाढव झाली आहे," तोजिखोन म्हणाली. "मारल्याशिवाय पुढे जात नाही."

"माझीही."

"वाळू आहे मेली. सालाच्या भेगांत बसली आहे बघ. सोलूनही निघत नाही."

सबोहतनं आपली सुरी नखावर फिरवली. बापाची सुरी. बारीक खांडं लागली, एकापाठोपाठ एक. तिनं पाटावरून तळवा फिरवला आणि तळव्याला चिकटलेले करडे कण पाहिले. सुरी तिनं पाटावर ठेवून दिली.

"सबोहत, बरं वाटत नाही का गं?" तोजिखोननं विचारलं.

"तो कोकंदचा व्यापारी आला होता," सबोहत म्हणाली, "तेव्हाही कालवा बंद होता ना?"

तोजिखोनचं चिरणं थांबलं. "कधीची गोष्ट काढलीस. असेल बाई. माझ्या लक्षात नाही."

सबोहतच्या लक्षात होतं. न धुतलेली गाजरं, गोणपाट, शेतकऱ्याचा चेहरासुद्धा. हे सगळं तिनं तेव्हाही पाहिलं होतं.

त्या दिवशी ती बाजारातून लवकर उठली. घरी येऊन चुलीपाशी गेली. "इक्बोल, या काळ्या सुरीला धार कधी लावली होतीस?"

इक्बोल घाबरली. सासूनं नको म्हटलेली सुरी हातातच सापडली होती. "महिना झाला, आई. साणवाला आला होता तेव्हा. मग लावलीच नाही. लागलीच नाही."

"आणि दादांची?"

"ती... ती दर आठवड्याला लावते." आणि घाईनं, "पण ती हाडाला चांगली आहे! या काळीला मी हाडावर नेत नाही. एकदा नेली होती तर टवका उडाला." तिनं टोकाजवळची बारीक खाच दाखवली.

सबोहतनं दोन्ही सुऱ्या दगडावर लावल्या, दोन्हींना सारखा वेळ दिला. मग इक्बोलला म्हणाली, "मी बाहेर जाते. तू मुठींना चिंधी बांध आणि ठसा काजळीनं झाक. कुठली कुठली ते मला सांगू नकोस. मी विचारलं तरी सांगू नकोस."

अंगणात बसून तिनं घरच्या हौदात धुतलेली गाजरं घेतली. तीन दिवस चिरलं. पातं पातळ की जाड हे डोळ्याला कळू नये म्हणून ती समोरच्या भिंतीकडे बघून चिरत होती. आपण आपल्यालाच फसवतोय की काय अशी भीती तरीही होतीच. पण पहिल्या दुपारी एक सुरी दमली. दुसरी दमली नाही. दुसऱ्या दिवशी दमलेलीला पुन्हा दगडावर न्यावं लागलं. दुसरी तिसऱ्या दिवशी सकाळपर्यंत चालत राहिली आणि मग हळूहळू, कुरकुर न करता, मंद झाली.

"सोड चिंधी," सबोहत म्हणाली. तिला उत्तर आधीच ठाऊक होतं.

वर्षभर नाही. नातवापर्यंत तर मुळीच नाही. हाडावर मारली तर टवका उडेल, ओली ठेवली तर गंजेल, वाळूत चालवली तर कुठल्याही सुरीसारखीच मरेल. पण धुतलेल्या गाजरावर ती बापाच्या सुरीहून कितीतरी चांगली होती. इतकं साधं होतं ते. हे तिनं तेव्हा सांगितलं असतं तर व्यापारी घेऊन गेला असता.

ती रात्रीचं जेवली नाही. अझीमनं विचारलं तेव्हा तिनं त्याला सांगितलं. तो म्हणाला, "आई, त्यानंही खोटंच सांगितलं होतं की. वर्षभर म्हणे."

"तो बाजारात ओरडत होता. बाजारातल्या ओरडण्यातलं निम्मं लोक सोडूनच देतात. माझ्या बोलण्यातलं कुणी काही सोडत नाही."

दुसऱ्या दिवशी ती गल्लीत गेली आणि एकेका दुकानात शिरून सांगत गेली. एर्गशची सुरी चांगली होती. मी वाळूत चालवली. ठसा बघून चालवली. दादांची पद्धत मी मोडली. काहींनी नजर चुकवली. एका म्हाताऱ्या कारागिरानं तिला बसवलं, चहा ओतला आणि म्हणाला, "पोरी, आता गल्लीत त्याचं नाव कुणाच्या लक्षात आहे? कशाला उकरतेस?"

"माझं वाक्य लक्षात आहे ना तुमच्या?"

म्हाताऱ्यानं तिचा पियाला पुन्हा भरला. वाक्य सगळ्यांच्या लक्षात होतं. गल्लीत खोट्या बढाईला अजूनही "अर्धा दिवस" म्हणत.

मग ती एर्गशच्या घरी गेली. त्याची बायको मुक्कदस अंगणात कापूस पिंजत होती. तिनं सगळं ऐकलं, हात न थांबवता. सबोहतचं बोलून झाल्यावर म्हणाली, "आपा, धाकटी त्याला ओळखत नाही. फोनवर त्याला काका म्हणते." तिच्या बोलण्यात राग नव्हता आणि तेच ऐकवेना. सबोहतनं आणलेले नान तिनं घेतले, डोक्याला लावून बाजूला ठेवले. रीत होती ती.

एर्गश पुढच्या शरदात परत आला, पण कुणी बोलावलं म्हणून नाही. काँक्रीटची लादी उतरवताना त्याच्या उजव्या हातावर पडली होती. दोन बोटं गेली, उरलेली नीट मिटत नव्हती. सबोहतला बातमी तोजिखोननं दिली, आणि या वेळी तरी तिनं बातमीला थट्टेची शेपूट जोडली नाही.

सबोहत काळी सुरी फडक्यात बांधून गेली. एर्गश खांबाला टेकून उन्हात बसला होता. केस पिकले होते. तिनं सुरी त्याच्यापुढे ठेवली. त्यानं डाव्या हातानं उचलली, उजेडात तिरकी धरली आणि टोकाजवळच्या खाचेवर अंगठा ठेवला.

"हाडावर नेली."

"सुनेनं. एकदाच."

"बायकोनं फोनवर सांगितलं सगळं," तो म्हणाला. "तुम्ही गल्लीत फिरलात म्हणून. मी म्हटलं, बरं झालं, आता तरी म्हातारीला झोप लागेल."

"लागत नाही."

"मलाही नव्हती लागत. बारा जण एका खोलीत झोपायचो, आपा. मी पडल्या पडल्या विचार करायचो, पाणी देताना कुठे चुकलं? तेल गार होतं का? आच जास्त झाली का? रोज मनात ती सुरी पुन्हा घडवायचो. चूक सापडायची नाही." त्याचा आवाज चढला. "चूक नव्हतीच तर सापडणार कुठून! मला तुम्ही खोटारडा म्हणाला असतात तर चाललं असतं. मी होतोच. पट्टा होता टेबलाखाली. पण तुम्ही माझ्या हाताला नावं ठेवलीत. आणि मी तुमच्यावर विश्वास ठेवला."

मुक्कदस दारात येऊन उभी राहिली होती. सबोहत म्हणाली, "तू दादांना लोणी म्हणालास, त्याचा राग होता."

"ठाऊक आहे. म्हटल्याबरोबर माझी जीभ मलाच कडू लागली होती." त्यानं सुरी उलटून दुसरी बाजू पाहिली. "पण खरं होतं ते, आपा. तिसऱ्या दिवशी नाही, पण लवकर जायची त्यांची धार. ते स्वतःच म्हणायचे."

"म्हणायचे," सबोहत म्हणाली.

माफ केलं असं तो म्हणाला नाही. तिनंही तो शब्द मागितला नाही. निघताना त्यानं सुरी तिला परत दिली. "सुनेला द्या. खाच घासून टाकतो म्हणावं, पण हात चालायला लागू दे."

हात कधी पुरता चालला नाही. घण आता त्याचा मेहुणा सोली मारतो. पण पोलादाला पाणी द्यायला बोटं लागत नाहीत, डोळे लागतात. हिवाळ्याच्या तोंडाशी एर्गशची भट्टी पेटली तेव्हा गल्लीतल्या कुणी मिठाई वाटली नाही की टाळ्या वाजवल्या नाहीत. दोघा-तिघांनी कोळसा पाठवला.

सुऱ्या पुन्हा सबोहतकडे यायला लागल्या, पण आता ती एकटी बघत नाही. चिंधी बांधलेल्या सुऱ्या रांगेत चौघींच्या हातांतून फिरतात. तोजिखोनच्या, पलीकडच्या दोघींच्या, आणि सगळ्यांत शेवटी तिच्या. गाजरं धुतलेली नसली तर त्या दिवशी सुरी कुणी उचलायचीच नाही. संध्याकाळी चौघींचं जुळलं तरच शब्द बाहेर जातो. नाही जुळलं तर "कळत नाही" असं सांगतात. पहिल्यांदा कारागिरांना याचा भारी राग आला. कळत नाही म्हणजे काय? सबोहत म्हणायची, "कळत नाही म्हणजे कळत नाही. दुसरी घेऊन या."

पहिल्या हिवाळ्यात एर्गशनं पाठवलेल्या पात्यांतलं एक साफ नरम निघालं. चौघींनी एकच सांगितलं. चिंधी सोडल्यावर ठसा पाहून तोजिखोन म्हणाली, "आता हे त्याला कोण सांगणार? मी नाही बाई. माझं तोंड आधीच बदनाम आहे."

सबोहतच गेली. एर्गशनं ऐकून घेतलं, तोंडानं तिच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, मग ते पातं ऐरणीच्या कडेला अडकवून सोलीला म्हणाला, "मार." पातं कडक असतं तर मोडलं असतं, ते वाकलं. एर्गशनं ते वाकलेलं उचलून बघितलं. "खरंच की," तो म्हणाला. "त्या दिवशी धूर फार होता. रंग दिसला नाही." आणि सोलीला चहा ठेवायला सांगितला.

आता बाजाराच्या दिवशी त्याच्या दुकानात गिऱ्हाईक आलं की तो सांगतो, भाजीला चांगली, हाडाला नेऊ नका, पुसून ठेवा, दोन-तीन आठवड्यांनी दगडावर घ्या. बरीच माणसं एवढं ऐकून पुढच्या दुकानात जातात. तिथे आयुष्यभराचा वायदा मिळतो. एकदा सबोहत तिथेच बसली असताना एक तरुण जोडपं असंच उठून गेलं. नवं लग्न दिसत होतं. एर्गश त्यांच्या पाठीकडे बघत राहिला.

"वर्ष म्हटलं असतं तर घेतली असती," तो म्हणाला.

"घेतली असती."

"सहा महिने तरी म्हणू का?"

"म्हण. मग चौघींना सहा महिने गाजरं चिरायला बसव."

तो हसला नाही, पण मिशीचं टोक हललं. अधू बोटांनी त्यानं पात्यावरचं तेल पुसलं, सुरी रांगेत परत ठेवली आणि पुढच्या माणसाला म्हणाला, "या. काय चिरता घरी?"